टँकर

त्या हौदातलं पाणी त्यानंच आणलं होतं.
केसनंद फाट्यावर हार्डवेअरच्या दुकानावर हॉल,
मागच्या गच्चीत सिमेंटचा हौद, छातीएवढा.
आदल्या रात्री नळी वर चढवून
माझ्या नवऱ्यानं तो भरला, पावती फाडली नाही.
सकाळी पाळक रणपिसे आधी उतरले,
बाह्या न दुमडता,
आणि म्हणाले, ये दगडू.

मी कठड्यापाशी टॉवेल घेऊन उभी.
डोक्यात एवढंच : डिसेंबर आहे, ह्याला आधीच दमा.
तो खाली गेला. त्याच्यावर पाणी मिटलं.
वॉल्व्हचे दोन आटे फिरवायला लागतो
तेवढाच वेळ.
वर आला तो शिंकतच.
पेटीवरच्या एस्तेरबाई सूर धरून थांबल्या
शिंका संपेपर्यंत.

नाव बदलायचं का, कुणीतरी विचारलं.
पाळक म्हणाले, दगडूच राहू दे,
आमच्यात एका दगडावर मोठं काम झालंय.

खरं सांगते, मला उजेडबिजेड काही दिसला नाही.
सोमवारी पहाटे चारला तोच गजर,
फुलगावच्या रस्त्याची तीच विहीर, रांगेत चौथा नंबर.

आता आमचा हिशोब सांगते.
पावती दहा हजार लिटरची.
सोसायटीच्या टाकीत साडेआठ सोडायचं, वॉल्व्ह आवळायचा,
वॉचमनच्या हातावर पन्नास,
उरलेलं दीड हजार परतीच्या वाटेवर
गाड्या धुणाऱ्या मुन्नाला, रोख.
माझ्या कानातलं त्या दीड हजारातलं.
थोरल्याचा क्लास त्यातलाच.

त्या सोमवारी नळी आचके देईस्तोवर तो उभा राहिला.
वॉचमन म्हणाला, झोप लागली का रे?
तो म्हणाला, नाही. आजच जाग आली.
हे त्यानं घरी येऊन मला हसत सांगितलं
आणि मी तीन दिवस वरणाला फोडणी दिली नाही.

शिव्या सुटल्या असं नाही.
खराडी बायपासला कुणी आडवा घुसला
की पहिलं अक्षर अजून निघतं,
दुसरं तो गिळतो,
आणि अर्धी शिवी केबिनमध्ये लोंबत राहते
हडपसर येईपर्यंत.

बांधावरून सात वर्षं अबोला होता, धाकट्या दिराशी.
पुतणीच्या साखरपुड्याला हा न बोलावता टँकर घेऊन गेला.
दीर म्हणाला, तू आता आमच्यातला राहिला नाहीस.
पाणी घेतलं मात्र. चहा विचारला नाही.
हा परत आला, टायर धुतले, जेवला.
मला वाटलं रडेल.
तो म्हणाला, पोरगी छान दिसत होती.

मग मे महिना आला. क्लासची फी, क्लचप्लेट गेलेली,
मालकानं उचल नाकारली.
एका दुपारी खिशातून साडेतीनशे काढून
त्यानं ओट्यावर ठेवले, मुन्नाचे.
मी काही विचारलं नाही. पैसे डब्यात टाकले.
रात्री तो ताटावरून उठला. म्हणाला, ते पैसे दे.

मला वाटायचं, एकदा बुडून आलं की झालं.
पाळकही म्हणाले होते, बाप्तिस्मा एकदाच.
पण त्या रात्री चपला शोधताना
त्याचं तोंड तसंच झालं होतं,
हौदात उतरताना झालं होतं तसं.

मीही केबिनमध्ये चढले. का, ते विचारू नका.
मुन्नाचे पैसे विहिरीवर दिले, तेवढंच पाणी भरलं.
साडेअकराला वॉचमननं चरफडत गेट उघडलं.
डी विंगमध्ये एकच खिडकी जागी.
अंधारात पाणी खाली पडताना
आधी पोकळ वाजतं, मग हळूहळू भरीव.

तो म्हणाला, नळी धर, निसटते.

मी अजून हौदात उतरलेले नाही.
उतरेन की नाही, माहीत नाही.
नळी मात्र शेवटपर्यंत धरली.
घरी आले तेव्हा पदर ओला होता,
आणि मी तो बदलला नाही.